सर्वांसाठी मागितलेला न्याय

परंपरानिष्ठ विचार म्हणजे जुन्याला चिकटून बसणे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. श्रद्धावंत माणूस राजकारणात उतरला तर तो केवळ स्वधर्मीयांची गाऱ्हाणी मांडणार, हा दुसरा समज. एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत लुडविग विंटहोर्स्ट या कॅथलिक पुढाऱ्याने हे दोन्ही समज खोटे ठरवले.

विंटहोर्स्ट यांचा जन्म ओस्नाब्रुकजवळ १७ जानेवारी १८१२ रोजी झाला. देहाने ठेंगणे, दृष्टीने अधू, पण बुद्धीने तल्लख असे हे कायदेपंडित १८५१ साली प्रॉटेस्टंटबहुल हॅनोव्हर राज्याचे न्यायमंत्री झाले. त्या राज्यातील ते पहिले कॅथलिक मंत्री होत. १८६६ साली प्रशियाने हॅनोव्हर गिळंकृत केले. विंटहोर्स्ट यांनी नवी राजवट मान्य केली. मात्र पदच्युत राजावरील निष्ठा सोडली नाही. केवळ बळाच्या जोरावर जुना हक्क पुसता येत नाही, ही त्यांची धारणा होती. कुटुंब, धर्मग्राम, प्रांत या संस्था राज्याने निर्माण केलेल्या नाहीत; राज्याने त्यांचे रक्षण करावयाचे असते. त्यांच्या परंपरानिष्ठेचा गाभा हाच होता.

१८७१ साली जर्मन साम्राज्य स्थापन झाले आणि या धारणेची कसोटी लागली. पंतप्रधान बिस्मार्क यांना नव्या राष्ट्रात दुसरी कोणतीही निष्ठा खपत नव्हती. त्यांनी चर्चविरुद्ध आरंभलेला लढा इतिहासात ‘कुल्टुरकाम्प्फ’, म्हणजे संस्कृतिसंघर्ष, या नावाने ओळखला जातो. व्यासपीठावरून राजकीय भाष्य करणाऱ्या धर्मगुरूंना शिक्षेची तरतूद झाली. १८७३ च्या ‘मे कायद्यां’नी धर्मगुरूंचे शिक्षण व नेमणुका सरकारी देखरेखीखाली आणल्या. हे कायदे न मानणाऱ्या बिशपांना दंड, तुरुंगवास वा परागंदा होणे पत्करावे लागले. पुढे प्रशियात हजाराहून अधिक धर्मग्राम धर्मगुरूंविना राहिले. विशेष म्हणजे, स्वातंत्र्याचा जयघोष करणारे उदारमतवादी या अपवादात्मक कायद्यांचे खंदे समर्थक होते.

याच लढ्याचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. मुंबई-पुणे मिशनचे काम तेव्हा जर्मन येशूसंघीयांकडे होते. १८६९ साली त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालय सुरू केले, आणि अवघ्या तीन वर्षांनी, जुलै १८७२ मध्ये, त्यांच्या मायभूमीत येशूसंघाची सर्व निवासस्थाने बंद करण्याचा कायदा झाला. येथे विद्यादान करणाऱ्या व्रतस्थांना स्वदेशी मठाचे दार उरले नाही. हा कायदा संपूर्णपणे रद्द होण्यास १९१७ साल उजाडावे लागले.

विंटहोर्स्ट हे ‘सेंट्रुम’ या पक्षाचे अध्वर्यू होते. १८७४ च्या निवडणुकीत या पक्षाने राइशस्टागमध्ये ९१ जागा मिळवल्या. जुन्या प्रशियन परंपरावादाचे प्रॉटेस्टंट धुरीण एर्न्स्ट लुडविग फॉन गेरलाख हेही वृद्धापकाळी प्रशियाच्या विधिमंडळात सेंट्रुमच्या गटासोबत बसू लागले. राज्याहून श्रेष्ठ असा कायदा आहे, या श्रद्धेने दोन पंथांतील माणसे एकत्र आली होती.

परंतु विंटहोर्स्ट यांचे खरे मोठेपण स्वधर्मीयांपलीकडच्या प्रसंगांत दिसते. १८७८ साली बिस्मार्क यांनी समाजवाद्यांवर बंदी घालणारा कायदा आणला. समाजवादी चर्चचे मित्र नव्हते. त्यांच्या पाडावाने कॅथलिकांचे काही बिघडणार नव्हते. तरीही सेंट्रुमने कायद्याविरुद्ध मत दिले. जे हत्यार आपल्यावर चालले ते दुसऱ्यावर चालवू देणे त्यांना अन्यायाचे वाटले. १८८० साली प्रशियाच्या विधिमंडळात ज्यूविरोधी चळवळीवर चर्चा झाली. तेव्हा सेंट्रुममधील काही सभासद त्या वाऱ्याने वाहवले होते. विंटहोर्स्ट मात्र ज्यू नागरिकांच्या समान हक्कांच्या बाजूने उभे राहिले. स्वपक्षीयांची नाराजी पत्करणे हे विरोधकांशी झुंजण्याहून अवघड असते, हे सार्वजनिक कार्य करणाऱ्यांस सांगावयास नको.

याहून कठीण प्रसंग १८८७ साली आला. बिस्मार्क यांना सात वर्षांचा लष्करी खर्च एकदम मंजूर करून हवा होता. चर्चशी चाललेला समेट पुढे जावा म्हणून सेंट्रुमने सरकारला साथ द्यावी, अशी इच्छा पोप लिओ तेरावे यांच्या वतीने कळवण्यात आली. श्रद्धेच्या बाबतीत पोपमहोदयांपुढे नतमस्तक होणाऱ्या विंटहोर्स्ट यांनी कोलोन येथील सभेत आदरपूर्वक, पण निःसंदिग्ध भूमिका घेतली : निव्वळ राजकीय प्रश्नांत पक्ष स्वतःच्या विवेकानेच निर्णय करील. प्रापंचिकांच्या स्वतंत्र जबाबदारीविषयी आज आपण जे बोलतो, ते त्यांनी आचरून दाखवले होते.

१४ मार्च १८९१ रोजी विंटहोर्स्ट निवर्तले. त्यांच्या पक्षाचा शेवट मात्र उद्विग्न करणारा आहे. २३ मार्च १९३३ रोजी, साम्यवादी सभासद तुरुंगात वा भूमिगत असताना, हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याला सेंट्रुमने मते दिली. चर्चच्या हक्कांना धक्का लागणार नाही, या आश्वासनावर तेव्हा अनेकांनी भिस्त ठेवली होती. इतरांचे हक्क बुडत असताना आपले तेवढे तरतील, हा तो हिशेब होता. चार महिन्यांच्या आत, ५ जुलै रोजी, पक्षालाच स्वतःचे विसर्जन करावे लागले.

अल्पसंख्य समाजाला आपल्या संस्थांची काळजी वाटणे स्वाभाविक आहे, रास्तही आहे. शाळा, मंदिरे, व्रतस्थांची कार्ये ही पूर्वजांनी घाम गाळून उभारलेली ठेव आहे. ती राखणे हे कर्तव्यच आहे. मात्र शेजाऱ्यावर अन्याय होत असताना आपण गप्प बसलो, तर उद्या स्वतःसाठी न्याय मागताना आपल्या शब्दाला वजन राहणार नाही. सभागृहात आपल्या विरोधकांसाठी उभ्या राहिलेल्या त्या ठेंगण्या, अधू दृष्टीच्या वकिलाला हे स्पष्ट दिसत होते.