अंगकोर गेले, दान साय आले : एका थाई तालुक्याची कथा (धागा)

१/ २३ मार्च १९०७. सयामने फ्रान्सला बाट्टामबांग, सियाम रीप आणि सिसोफोन हे प्रदेश देऊन टाकले. अंगकोरची मंदिरे त्यांतलीच. मोबदल्यात सयामला परत मिळाले समुद्रकाठचे त्रात आणि डोंगरांतले दान साय. अंगकोर सर्वांस ठाऊक आहे. हा धागा दान सायचा.

२/ थाई भाषेत 'दान' म्हणजे नाके आणि 'साय' म्हणजे डावे. आज हा ईशान्य थायलंडमधील लोई प्रांताचा एक 'अम्फो', म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखा विभाग आहे.

३/ येथील सर्वांत जुना 'सरहद्दीचा दगड' म्हणजे एक स्तूप. १५६० मध्ये अयुथयेचा राजा महाचक्रफत आणि लाओसमधील लान सांगचा राजा सेट्ठाथिरात यांनी मैत्रीचा करार केला. दोघांनाही धास्ती होती ती ब्रह्मदेशच्या बायिन्नौंगची. त्या कराराची खूण म्हणून 'फ्रा थात सी सोंग राक' उभारला गेला. (यातील 'थात' म्हणजे आपला 'धातू', अर्थात अवशेष.) करार अयुथयेला तारू शकला नाही, १५६९ मध्ये ती ब्रह्मी सैन्याच्या हाती पडली. स्तूप मात्र राहिला.

४/ दोन राज्यांची सीमा म्हणजे दोघांनी भेटण्याची जागा, ही कल्पना युरोपीय नकाशात बसणारी नव्हती. नकाशाला रेघ हवी असते. १९०४ च्या तहानंतर दान साय फ्रेंचांकडे गेले, १९०७ मध्ये परत आले, आणि सीमा ह्युआंग नदीच्या प्रवाहावर ठरली. नदीच्या दोन्ही काठांवर लाओ बोलणारेच लोक राहत होते. त्यांना कोणी विचारल्याचे करारात दिसत नाही.

५/ पण रेघ आखून राज्य चालत नाही. जुन्या पद्धतीत स्थानिक सरदार 'किन म्युआंग' करीत, शब्दशः 'नगर खात': महसुलावरच त्यांचा निर्वाह चाले. १८९२ पासून गृहमंत्री असलेल्या राजपुत्र दामरोंग यांनी ही पद्धत मोडीत काढली. नव्या व्यवस्थेचे नाव 'थेसाफिबान', मूळ संस्कृत 'देश' आणि 'अभिपाल'. तिच्यातील मोठा विभाग 'मोन्थोन' म्हणजे आपले 'मंडल'! शब्द ओळखीचे, यंत्रणा नवी: बँकॉकहून नेमलेले, पगारी, बदली होणारे अधिकारी.

६/ १८९७ च्या कायद्याने खालची उतरंडही बांधली गेली. गावकरी 'फू याय बान' हा गावप्रमुख निवडत. अनेक गावांचा मिळून 'तम्बोन' होई, आणि त्याचा 'कम्नन' हे गावप्रमुख आपल्यातून निवडत. त्यांच्या वर तालुक्याचा अधिकारी, 'नाय अम्फो', मात्र सरकारनियुक्त. आपल्या पाटलाशी तुलना करण्याचा मोह होतो, परंतु पाटीलकी हे वंशपरंपरागत वतन होते; येथे निवड होती. तरीही ही लोकशाही नव्हे, असे मला वाटते. गावाने निवडलेला माणूस शेवटी सरकारचे हुकूमच गावापर्यंत पोहोचवीत असे. १९१४ चा सुधारित कायदा दुरुस्त्यांसह आजही लागू आहे.

७/ दान सायमध्ये आणखी एक सत्ता आहे, जी कोणत्याही कायद्यात नाही. स्तूपाचे विधी आणि भुतांच्या मुखवट्यांचा प्रसिद्ध 'फी ता खोन' उत्सव 'चाओ फो कुआन' या माध्यमाच्या अधिपत्याखाली होतात; गावाच्या रक्षक आत्म्यांशी बोलणारा तो. नाय अम्फोची बदली होते, त्याची होत नाही.

८/ आणि स्तूपाच्या आवारात आजही लाल वस्त्रे नेसून जाता येत नाही. लाल म्हणजे रक्त, आणि हा स्तूप उभारला गेला तो ते सांडू नये म्हणून.