गतिसंवेदी नियंत्रक : एका प्रचलित उपपत्तीची तपासणी

व्हिडिओ गेमच्या नियंत्रकांचा इतिहास सांगताना एक सरळ चढती रेषा काढण्याची प्रथा पडली आहे. प्रथम कळदांडी, मग बटने, त्यानंतर हाताची हालचाल ओळखणारे साधन आणि अखेरीस संपूर्ण देह ओळखणारा कॅमेरा, अशी ही मांडणी असते. यंत्राला मनुष्याच्या हालचालीचे ज्ञान जसजसे अधिक होत गेले, तसतसा खेळ स्वाभाविक होत गेला, हे तिच्यातील गृहीत होय. हे गृहीत पुराव्याच्या कसोटीला कितपत उतरते, ते पाहण्याचा येथे हेतू आहे.

आरंभीचे प्रयत्न साधे होते. १९८१ मध्ये डेटासॉफ्ट या अमेरिकन कंपनीने काढलेल्या ‘ले स्टिक’ या दांडीत पाऱ्याचे स्विच बसविलेले होते. दांडी कलली की पारा सरके व मंडल पूर्ण होई. यापेक्षा कितीतरी महत्त्वाकांक्षी असा ‘पॉवर ग्लव्ह’ हा हातमोजा मॅटेलने १९८९ मध्ये निन्टेण्डोच्या यंत्रासाठी बाजारात आणला. त्याचा पूर्वज, व्हीपीएल कंपनीचा ‘डेटाग्लव्ह’, प्रकाशतंतूंच्या साह्याने बोटांचे वाकणे मोजत असे. स्वस्त आवृत्तीत तंतूंच्या जागी विद्युत्संवाहक शाईच्या पट्ट्या आल्या, आणि करंगळीला तर वगळण्यातच आले. मोज्यावरील दोन प्रेषकांतून निघणारा श्राव्यातीत ध्वनी दूरदर्शन संचाभोवती लावलेल्या तीन ग्राहकांपर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या वेळावरून हाताचे स्थान काढले जाई. म्हणजे हात अवकाशात कोठे आहे हे जाणण्याचा दावा या साधनाने केला होता. परंतु खास त्याच्यासाठी म्हणून असे दोनच खेळ निघाले. इतर खेळांत हाताची हालचाल अखेर डावे-उजवे, वर-खाली अशा बटनदाबांतच रूपांतरित होई. मोजणारे साधन पुढे गेले. ज्याच्यासाठी मोजायचे तो खेळ मात्र होता तेथेच राहिला.

आता १९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘वी’ या यंत्राकडे वळू. त्याच्या रिमोटमध्ये तीन अक्षांवरील त्वरणमापक होता. मोटारीतील हवापिशवी केव्हा फुगवावी हे ठरविण्यासाठी याच जातीच्या सिलिकॉन त्वरणमापकांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले होते, आणि त्यामुळेच ते खेळण्यात घालण्याइतके स्वस्त झाले होते. त्वरणमापकाला स्वतःचे स्थान कळत नाही, हा येथील कळीचा मुद्दा होय. त्वरणावरून स्थान काढायचे तर दोनदा समाकलन करावे लागते. गुरुत्वत्वरणाच्या शंभराव्या भागाएवढी चूक सतत राहिली, तरी ५ सेकंदांत स्थानात सुमारे १.२ मीटरची चूक साचते. याखेरीज गुरुत्व व हालचाल यांची सरमिसळ होते, ती निराळीच. पडद्यावर नेम धरण्यासाठी रिमोटच्या टोकाशी अवरक्त किरण टिपणारा एक छोटा कॅमेरा होता. संचावर ठेवावयाच्या पट्टीस ‘सेन्सर बार’ म्हणत, हे नामकरण मात्र निव्वळ चुकीचे. ती पट्टी काहीच टिपत नसे, केवळ अवरक्त दिवे धारण करी. तिच्या जागी दोन मेणबत्त्या ठेवूनही काम भागे.

‘वी स्पोर्ट्स’मधील टेनिस या मर्यादेवर उभारलेले आहे. पडद्यावरील खेळाडू चेंडूपर्यंत आपोआप धावतो. यंत्र विचारते ते एवढेच की, फटका केव्हा आणि साधारण कसा मारला. खुर्चीत बसून मनगटाला झटका दिला तरी भागते. आणि तरीही लोक उभे राहिले, पूर्ण हात फिरवू लागले. याचा पुरावा जाहिरातींत शोधण्याचे कारण नाही. तो मनगटाच्या दोरीत आहे. दोऱ्या तुटून रिमोट भिरकावले जाऊ लागले, तेव्हा निन्टेण्डोने डिसेंबर २००६ मध्ये सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याचे जाहीर केले. यंत्राने जेवढे मागितले होते, त्याहून पुष्कळ अधिक खेळाडूंनी दिले. हे ‘अधिक’ कोणत्याही संवेदकाच्या नोंदीत सापडणार नाही, आणि केवळ यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हातून ते निसटते. वीची विक्री दहा कोटींच्या वर गेली.

जून २००९ मध्ये जायरोस्कोप असलेला ‘मोशनप्लस’ हा जोड आला, आणि हाताचा पीळ व गती यांची फारकत करणे शक्य झाले. अचूकता वाढली, पहिल्या लाटेएवढी खळबळ मात्र उडाली नाही. ४ नोव्हेंबर २०१० रोजी आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ने हातातील साधनच काढून टाकले. प्राइमसेन्स या इस्राएली कंपनीच्या तंत्रानुसार खोलीत अवरक्त ठिपक्यांची जाळी टाकून प्रत्येक बिंदूचे अंतर काढले जाई. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख संच विकले गेले. तथापि २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. सर्वांत अधिक जाणणारे हे साधन खेळात टिकले नाही, याचा उलगडा वरील उपपत्तीस करता येत नाही. त्याला खेळाडूसमोर सुमारे सहा फूट मोकळी जागा लागे, आणि बोटाखाली कळ दबल्याची जी खूण हाताला मिळते ती त्यात नव्हती.

टिकले ते वेगळेच. २०१५ च्या ‘स्प्लाटून’ या खेळात अंगठ्याने दांडी फिरवून ढोबळ दिशा घ्यावयाची आणि नियंत्रक किंचित कलवून नेम दुरुस्त करावयाचा, अशी योजना होती. जायरोस्कोप येथे कळदांडीला हटवीत नाही; तिच्या शेजारी बसून तिची उणीव भरून काढतो. २०१७ च्या ‘स्विच’ यंत्राच्या नियंत्रकांतही तो याच रीतीने वावरतो.