लग्नातला ग्रुप फोटो आणि आमची आत्या



मागच्या आठवड्यात माळा आवरताना ताईच्या लग्नाचा ग्रुप फोटो हाती लागला. इंदूर, मे १९६७. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. अडतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे कुठलीही गोष्ट आधी मोजायची सवय. मोजलं, ४३ माणसं. त्या दिवशी घरची म्हणावीत अशी ४४ होती. त्या एका माणसाबद्दल लिहायचंय, पण आधी थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्या गावाचाही आहे.

फोटोग्राफी जगात जाहीर झाली १८३९ साली, आणि मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. आपल्या इंदूरचा मान वेगळाच. पुढे 'राजा' झालेले लाला दीनदयाळ हे रुरकीला इंजिनिअरिंग शिकून १८६६ च्या सुमारास इथं बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरीला लागले. फोटो काढणं हा नाद. दुसरे तुकोजीराव होळकर महाराज यांनी त्यांना हात दिला आणि हेन्री डेली साहेबांशी गाठ घालून दिली. हेच ते डेली, ज्यांच्या नावाचं कॉलेज इथं आहे. पुढे दीनदयाळ हैदराबादला सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. तिथं त्यांनी १८९२ मध्ये पडदानशीन बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तो एका इंग्रज बाईंच्या ताब्यात होता. म्हणजे बायकांचे फोटो निघावेत यासाठी कुणीतरी मुद्दाम सोय केली होती. हे लक्षात ठेवा.

वडोदऱ्याच्या मंडळींनाही अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. दादासाहेब फाळके तिथल्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले आणि सिनेमाच्या कितीतरी आधी त्यांनी गोध्र्याला स्टुडिओ थाटला होता. कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो, अशी भीती तेव्हा लोकांना वाटे.

आता आपल्या लग्नातल्या ग्रुप फोटोची मांडणी आठवा. मधोमध खुर्च्या, त्यावर वडीलधारे, मागे उभी पुरुषमंडळी, पुढे सतरंजीवर पोरं. जुने दरबारी फोटो पाहिलेत तर हीच रचना दिसते. गादीवरचा मधे, मानकरी दोन्ही बाजूंना, हुद्द्याप्रमाणे. माझा आपला अंदाज असा की संस्थानी गावांतल्या आपल्या लोकांनी दरबारातली ही शिस्त मांडवात आणली. म्हणून तर खुर्ची कुणाला मिळाली यावरून व्याही रुसतात! आणि कुणी हसत का नाही? काचेच्या प्लेटवर फोटो घेताना काही सेकंद अजिबात हलायचं नसे. हसू तेवढा वेळ टिकत नाही. प्लेटा गेल्या, फिल्म आली, तरी गंभीर चेहरे बरीच वर्षं तसेच राहिले.

१९६७ साली आमच्याकडे राजवाड्याजवळचा एक फोटोग्राफर आला होता. एका रोलमध्ये १२ फोटो. वडिलांनी दोन रोलचे पैसे ठरवले, म्हणजे २४ फोटो. त्यातले २० विधींना आणि ४ ग्रुपला. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा, फट् झालं की तो फेकून द्यायचा. म्हणजे चूक झाली तर पैसे गेले. वडिलांनी लग्नपत्रिकेच्या पाकिटावर नावांची यादी करून माझ्या हातात दिली. मी सोळा वर्षांचा. काम एकच, माणसं गोळा करायची.

काय गोंधळ! ग्वाल्हेरचे मामा पान खायला बाहेर गेलेले. देवासच्या काकू पातळ बदलत होत्या. वरमाई म्हणाल्या, आधी आमच्याकडचा फोटो. पंगतीची पानं मांडून झालेली आणि आचारी ओरडतोय. फोटोग्राफर काळजीत, ऊन कलायला लागलेलं. मी पाकीट घेऊन नुसता धावत होतो.

आत्याचं नाव यादीत नव्हतं.

आत्या वडिलांची मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. आई आजारी असायची, त्यामुळे ताईला आणि मला वाढवलं तिनंच. लग्नाचे लाडू, चिवडा, रुखवत, सगळं तिच्या हातचं. मी कोठीघरात गेलो तेव्हा ती पांढऱ्या लुगड्यात ताटांवरची फडकी सारखी करत होती. म्हटलं, "आत्या, चल, फोटो काढून राहिले आहेत." ती म्हणाली, "मी कशाला रे? शुभकार्याचा फोटो तो. तू जा, उभा राहा, नाहीतर राहशील."

आणि मी गेलो. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. यादी पूर्ण झाली होती, बल्ब पेटायचा होता, मला पुढच्या रांगेत जागा हवी होती. मी तिचा हात धरला नाही. दुसऱ्यांदा म्हटलंसुद्धा नाही. फोटोत मी सतरंजीवर ऐटीत बसलोय.

१९७३ ला बँकेत लागलो. पुढे आमच्याच शाखेत आत्याचं बचत खातं उघडलं. तिला सही येत नव्हती, अंगठा. अंगठ्याच्या खातेदाराचा फोटो लागायचा, म्हणून तिला स्टुडिओत नेलं. डोक्यावरून पदर, नजर थेट समोर. फोटोग्राफरनं तीनदा सांगितलं, "माँजी, थोडा मुस्कुराइए." तिनं ऐकलं नाही. १९८४ मध्ये ती गेली. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर सगळ्या घरात तिचा एकही नव्हता. शेवटी पासबुकावरचा तो छोटासा फोटो मोठा करून घेतला. कोपऱ्यात बँकेच्या शिक्क्याची अर्धी गोलाई अजून दिसते. मोठ्या लग्नघराची आत्या, आणि तिचा फोटो केवायसीचा!

गेल्या वर्षी नातीचं लग्न झालं. फोटो आता मोजून काढावे लागत नाहीत, शेकडो निघतात. पण गोंधळ तोच. मी म्हटलं, ग्रुप फोटोचं खातं माझ्याकडे. आठ दिवस आधी वहीत दहा ग्रुप लिहिले. प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटं. वेळ ठरवली सप्तपदीनंतर, पहिल्या पंगतीच्या आधी. म्हातारी माणसं आधी, म्हणजे त्यांना ताटकळावं लागत नाही. दोन्हीकडचा एकेक माणूस हाक मारायला, आणि तोही सगळ्यांना चेहऱ्यानं ओळखणारा. फोटोग्राफरला नातं कळत नाही, त्याला दोष देऊन उपयोग नाही. मोबाईलवाल्यांना सांगितलं, त्याचा फोटो होईपर्यंत थांबा, नाहीतर अर्धे इकडे बघतात, अर्धे तिकडे. खुर्च्या सहाच ठेवल्या, म्हणजे कोण बसणार हा वाद वयावर मिटला.

आणि वहीत पहिलाच ग्रुप लिहिला: "ज्यांना कुणी बोलावणार नाही ते." माझी धाकटी वहिनी, भाऊ जाऊन तीन वर्षं झालेली. स्वयंपाकाच्या मावशी. नातीला लहानपणी सांभाळणारी बाई. वहिनी मागच्या खोलीत अहेराच्या पिशव्या लावत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, मी कशाला?"

तेच शब्द. सत्तावन्न वर्षांनी.

या वेळी मी हललो नाही. म्हटलं, "वहिनी, तुम्ही येईपर्यंत फोटो निघणार नाही. पंगत खोळंबली तरी चालेल." दोन मिनिटं गेली. मग त्यांनी पदर सारखा केला आणि आल्या. नातीनं त्यांना स्वतःशेजारच्या खुर्चीवर बसवलं. कुणी काही बोललं नाही.

मंडळी, एक करा. घरातला जुना ग्रुप फोटो काढा, मागच्या बाजूला पेन्सिलीनं नावं लिहा, कारण ओळखणारे आता आपणच उरलोय. आणि नावं लिहून झाली की खाली आणखी एक ओळ लिहा, त्या दिवशी घरात असून फोटोत कोण नव्हतं त्याची.

आमच्या फोटोमागे मी कालच लिहिलं. एकूण ४४. हजर ४३. आत्या कोठीघरात.