मराठी बालपुस्तकांतील पाळीव प्राणी

मराठी मुलाच्या हाती पडणारे पहिले पुस्तक बहुधा प्राण्यांचे असते. कुत्रा, मांजर, गाय, पोपट ही घरचीच मंडळी त्याला अक्षरांच्या उंबरठ्यावर भेटतात. परंतु छापील मराठी पुस्तकात हे प्राणी प्रथम आले ते पुण्यामुंबईच्या वाटेने नव्हे, तर परमुलखातून. भिलाईच्या नेहरू नगरात संसार थाटलेल्या आम्हां मराठी नोकरदारांनी ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे.

तंजावरचे सरफोजीराजे यांनी आपल्या मुद्रणालयात १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ छापविली. इसापाच्या गोष्टींचे ते मराठी भाषांतर होय. पुढे बंगालमधील श्रीरामपूर येथून वैजनाथ पंडितांचा मराठी ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये बाहेर पडला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मुंबईची ‘इसापनीती’ त्यानंतरची, १८२८ ची.

या पुस्तकांतील प्राणी मात्र मुलांचे सवंगडी नव्हते. ते उपदेशाचे ओझे वाहणारे होते. इसापाचा कुत्रा लोभाचा दाखला, तर हितोपदेशातील मांजर कपटाचे. बाळाला वाचविणारे इमानी मुंगूसही धन्याच्या अविचाराचा धडा देण्यासाठी प्राणास मुकते. प्राण्याकडे नुसते पाहावे, त्याचा आवाज काढावा आणि हसत हसत शिकावे, ही मोकळीक तेथे नव्हती.

युरोपात ती वाट कोमेनियस या शिक्षणवेत्त्याने १६५८ मध्येच दाखविली होती. त्याच्या सचित्र पाठ्यपुस्तकात वर्णमाला प्राण्यांच्या आवाजांतून येते. आरंभीच कावळा बसला आहे. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे १९२० मध्ये बालमंदिर काढले आणि भय, शिक्षा व बक्षिसे यांवाचून शिक्षण चालू शकते हे दाखविले. ताराबाई मोडक तेथेच त्यांच्या सहकारी झाल्या. मग तो विचार त्यांनी मराठी मुलखात आणला: १९३६ मध्ये दादरच्या शिशुविहारात आणि १९४५ मध्ये बोर्डीच्या बालशिक्षणकेंद्रात. म्हणजे आनंददायी शिक्षणाची ही वाटही गुजरातीच्या अंगणातून मराठीत आली.

आमचा पोलाद कारखाना १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला. त्याच देशातून रंगीत चित्रांची स्वस्त बालपुस्तके मराठीतही येत आणि मुंबईचे लोकवाङ्मय गृह ती विकीत असे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ लयास गेला आणि तो ओघ आटला.

परप्रांती राहिल्याने मुलांची मराठी सुटणारच, अशी हताश भाषा आमच्यात वारंवार ऐकू येते. या इतिहासापुढे ती टिकत नाही. हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलास देवनागरी येतच असते. नवे असते ते मुख्यतः ‘ळ’ हे अक्षर. त्यासाठी शुद्धलेखनाची वही पुढे ढकलण्याचे कारण नाही. चित्रातला ‘कौआ’ त्याने ओळखला, की शेजारी ‘कावळा’ वाचून दाखवावा. बाळ, काळी मनी, गळ्यातील घुंगरू असे शब्द मग आपोआप जिभेवर बसतात. मात्र प्रत्येक पानाअंती तात्पर्य विचारण्याचा मोह आम्ही आवरला पाहिजे. मांजराला मांजरच राहू दिले, तर मूल दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक घेऊन आपण होऊन आमच्याजवळ येईल. आणि कचेरीतून दमून आल्यावरही त्याला मांडीवर घेण्याएवढी सवड आम्ही काढली, तर मराठी त्या घरात टिकेल.