पाण्यातील चेहरा आणि पाऱ्याची नळी

बिअरचा सारा कस पहिल्या पाण्यातच ठरतो. मोड आणून वाळविलेल्या सातूची भरड ऊन पाण्यात कालवितात. त्या उबेत पिष्टाची साखर होते आणि पुढे तीच आंबते. पाणी निवलेले असेल तर साखर नीट उतरत नाही. फार कढत असेल तर पिष्ट फोडणारे विकरच नष्ट होते.

इंग्लंडातील जुने कारागीर हे कसे साधीत? उकळलेले पाणी ते निवू देत आणि वाफ विरून त्यात आपला चेहरा दिसला, की भरड टाकीत. ही परीक्षा खोटी नव्हती. परंतु थंडीत वाफ विरण्यास वेळ लागे, तोवर पाणी अधिक निवे. उन्हाळ्यात चेहरा लवकर दिसे व पाणी कढतच राही.

१७६२ मध्ये लंडनच्या मायकेल कोंब्रूनने ग्रंथ लिहून तापमापकाचा पुरस्कार केला. त्याच सुमारास हॅम्पशायरमधील तरुण जेम्स बॅव्हरस्टॉक यास मात्र ते उपकरण वडिलांपासून लपवून वापरावे लागे! अंश असे हाती आले. कारण उमगले ते १८३३ मध्ये. पायाँ व पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी तेव्हा माल्टमधून ते विकर, म्हणजे डायास्टेज, वेगळे केले.

आज घरी बिअर करणारा हे मिश्रण सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअसवर राखतो. थंड भरड उष्णता ओढून घेते, म्हणून पाणी काही अंश अधिक तापवितो. जाणत्याची नजर त्याच्याबरोबरच जात असे; अंश मात्र कोणासही सांगता येतात.