व्यापारी डीप फ्रीझर : जागा, वीजजोडणी आणि अर्थिंग

दुकान, डेअरी, मासळीबाजार, आइस्क्रीम पार्लर, हॉटेलचा भटारखाना अशा ठिकाणी अन्नपदार्थ थंड किंवा गोठवून ठेवण्यासाठी रात्रंदिवस चालणारे यंत्र. आडव्या पेटीचा चेस्ट फ्रीझर, काचेच्या दाराचा व्हिजी कूलर, हॉटेलांतला चार दारी उभा स्टीलचा फ्रीझर आणि माणूस आत शिरू शकेल अशी कोल्ड रूम हे त्याचे नेहमीचे प्रकार. गोठवलेले अन्न उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवावे लागते. घरच्या फ्रिजपेक्षा याचे दार कितीतरी जास्त वेळा उघडते, भोवतालची हवा अधिक तापलेली असते आणि पायाखालची फरशी बहुधा ओली असते. यंत्र कारखान्यातून तपासून आलेले असते. भिंतीतल्या बोर्डापासून यंत्रापर्यंतचे दहा-पंधरा फूट मात्र दुकानदार आणि त्याचा वायरमन ठरवतात, आणि बहुतेक अपघातांची मुळे तिथेच सापडतात. म्हणून या नोंदीत भर यंत्राच्या रचनेपेक्षा त्या दहा-पंधरा फुटांवर दिला आहे.

जागा : फ्रीझर आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, शिवाय कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. ही उष्णता कंडेन्सरच्या जाळीतून निघून जायला मोकळी हवा लागते. कंपनीच्या पुस्तिकेत भिंतीपासून किती अंतर सोडायचे ते दिलेले असते. ते पाळावे आणि त्या फटीत खोके, पोती, रिकामे क्रेट कोंबू नयेत. प्रदर्शनी फ्रीझरांसाठी वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात हवामानाचे वर्ग ठरलेले आहेत : तिसऱ्या वर्गाचे यंत्र २५ अंशांच्या हवेत तपासलेले असते, चौथ्या वर्गाचे ३० अंशांत, पाचव्या वर्गाचे ४० अंशांत. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तिथे वातानुकूलित मॉलसाठी बनवलेले तिसऱ्या वर्गाचे यंत्र पत्र्याच्या टपरीत ठेवले, तर ते अखंड धावत राहते आणि आइस्क्रीम तरीही मऊच राहते. खरेदीच्या वेळी लिटर आणि किंमत सगळेच विचारतात. हवामानाचा वर्गही विचारायला हवा.

वाहतुकीत यंत्र आडवे पडले असेल तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत शिरलेले असते. ते परत खाली उतरेपर्यंत काही तास यंत्र उभे ठेवून मगच चालू करावे. फरशी समतल नसेल तर दार नीट मिटत नाही, वितळलेले पाणी निचऱ्याच्या नळीकडे न जाता तळाशी साचते आणि तिथेच वायरिंगचे जोड असतात.

वीजजोडणी : भारतातला एकफेजी पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे. फ्रीझरला बोर्डापासून स्वतंत्र लाइन, स्वतःची एमसीबी आणि १६ अँपियरचा पॉवर पॉइंट द्यावा. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा मल्टिप्लग वापरूच नये. त्याचे कारण कॉम्प्रेसरच्या सुरुवातीच्या झटक्यात आहे. मोटर चालू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. चार दारी उभा फ्रीझर चालताना ५ अँपियर घेत असेल, तर सुरू होताना तो सुमारे ३० अँपियर मागतो. आता समजा बोर्ड ३० मीटर दूर आहे आणि कुणी पैसे वाचवायला १ चौरस मिलिमीटरची वायर ओढली. जाऊन-येऊन ६० मीटर तांब्याचा रोध होतो सुमारे १.१ ओहम, आणि ३० अँपियरच्या झटक्याला त्या वायरीतच ३३ व्होल्ट गळतात. संध्याकाळी बाजारपेठेत पुरवठा आधीच १९० व्होल्टवर आलेला असला, तर मोटरपाशी उरतात जेमतेम १५७. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे इथे तो निम्म्याहूनही कमी होतो. मोटर फिरत नाही, घुंऽऽ असा आवाज करत गरम होते, मग ओव्हरलोडचे पाते ‘टक्’ करून पुरवठा तोडते, निवल्यावर पुन्हा जोडते. हा ‘घुं’ आणि ‘टक्’ ठरावीक अंतराने ऐकू येऊ लागला की यंत्र लगेच बंद करून व्होल्टेज तपासावे. पुष्कळ कॉम्प्रेसर असेच जळतात आणि ठपका यंत्रावर येतो. त्याच अंतरासाठी २.५ चौरस मिलिमीटरची वायर घातली, तर गळती १३-१४ व्होल्टांवर येते. ४ चौरस मिलिमीटरची घातल्यास आणखी बरे.

एमसीबी सी वर्गाची असावी. बी वर्गाची एमसीबी तिच्या अँपियरच्या तीन ते पाचपट प्रवाहाला तत्काळ पडते, त्यामुळे प्रत्येक सुरुवातीला ती पडण्याचा धोका राहतो. सी वर्गाची पाच ते दहापटीला पडते. पडणाऱ्या एमसीबीच्या जागी मोठ्या अँपियरची बसवून वेळ मारून नेणे हे मात्र आगीला दिलेले आमंत्रण आहे. एमसीबी वायरीच्या ताकदीप्रमाणे निवडायची असते. वायर न बदलता एमसीबी वाढवली की वायर भिंतीच्या आत तापत राहते आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही.

वीज गेली आणि लगेच आली, तर कॉम्प्रेसरच्या दोन बाजूंचा गॅसदाब अजून सारखा झालेला नसतो आणि मोटरला त्या दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते. म्हणून स्टॅबिलायझर घेताना तीन मिनिटांचा टाइम डिले असलेला घ्यावा, आणि त्याची क्षमता चालू वॉटवरून न ठरवता सुरुवातीच्या झटक्यावरून ठरवावी. हाच हिशेब इन्व्हर्टर आणि छोट्या जनरेटरलाही लागू आहे.

अर्थिंग : प्लगचे जाड, लांब तिसरे टोक फ्रीझरच्या पत्र्याला जमिनीशी जोडते. जुन्या बाजारपेठांतल्या कित्येक गाळ्यांत सॉकेटचे तिसरे भोक नुसते शोभेचे असते, कारण मागे वायरच नसते. काही ठिकाणी त्याहून वाईट प्रकार दिसतो : वायरमन सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतो. टेस्ट लॅम्प लावला की तो झकास पेटतो आणि दुकानदाराला अर्थिंग झाल्याचे समाधान मिळते. पण ज्या दिवशी न्यूट्रल कुठेतरी सुटतो, त्या दिवशी फ्रीझरमधून परतणारी सगळी वीज त्या तुकड्यातून पत्र्यावर येते. फ्रीझरमध्ये कसलाही दोष नसताना त्याचे हँडल २३० व्होल्टवर जाते. ही जोडणी दिसताक्षणी तोडून टाकावी आणि मुख्य बोर्डापासून स्वतंत्र हिरवी वायर ओढून घ्यावी.

अर्थिंगचा खड्डा खरोखरच केलेला असला तरी काम संपत नाही, हे आकडेमोडीवरूनच पटते. गाळ्याच्या अर्थचा रोध ५ ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थचा १ ओहम धरू. फेजची वायर आत पत्र्याला टेकली, तर २३० भागिले ६, म्हणजे सुमारे ३८ अँपियर जमिनीत वाहतील. सी वर्गाच्या १६ अँपियरच्या एमसीबीला तत्काळ पडायला किमान ८० अँपियर लागतात. ३८ अँपियरला ती हळूहळू तापून पडते आणि त्यात कित्येक सेकंद जातात. तोवर पत्रा ५ गुणिले ३८, म्हणजे १९० व्होल्टवर असतो. मासळी काढायला आलेली बाई ओल्या फरशीवर अनवाणी उभी आहे आणि तिने झाकणाच्या दांडीला हात घातला आहे. ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर तिच्या अंगातून १९० मिलिअँपियर जाऊ शकतात. हृदयाची लय बिघडायला याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो.

यावरचा उपाय म्हणजे आरसीसीबी, बाजारात अजूनही तिला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत फरक पडला की ती लाइन तोडते. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी ठरलेल्या फरकाला ०.३ सेकंदाच्या आत पडते. फ्रीझर असलेल्या दुकानात ती हवीच, याला अपवाद नसावा. दुकानदारांची तक्रार असते की रात्री ती पडते आणि सकाळी माल वितळलेला मिळतो. तक्रार खोटी नाही. बर्फ वितळवणाऱ्या हीटरमध्ये ओल शिरली की थोडी गळती होते, आणि सगळ्या दुकानाला मिळून एकच आरसीसीबी असेल तर साऱ्यांची गळती एकत्र मोजली जाते. पण म्हणून ती काढून टाकणे हा मार्ग नव्हे. प्रत्येक फ्रीझरला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र) द्यावी, म्हणजे एकाच्या दोषाने दुसरा बंद पडत नाही, आणि आतले तापमान वाढल्यास वाजणारा बॅटरीवरचा अलार्म लावावा. आरसीबीओवरचे ‘टी’ लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

वायरींच्या रंगांत एक सापळा आहे. आपल्याकडे जुन्या त्रिफेजी वायरिंगमध्ये लाल, पिवळी, निळी हे तीन फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. परदेशी बनावटीच्या फ्रीझरच्या कॉर्डमध्ये मात्र तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ असते. निळीला निळी जोडणारा वायरमन न्यूट्रलच्या जागी फेज देऊन बसतो, आणि दोन फेजांमधले चारशे व्होल्ट यंत्रात गेले की पहिल्या क्षणीच धूर निघतो. रंगावर न विसंबता मीटरने मोजून जोडावे.

गॅस : पूर्वीच्या आर-१३४ए आणि आर-४०४ए या वायूंची जागा आता आर-२९० घेत आहे. २०१६च्या किगाली करारानंतर हा बदल वेगाने होतो आहे. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. हवामानाला तो फारच कमी अपाय करतो, पण तो पेट घेतो आणि हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. अशा यंत्रावर ज्वालेचे त्रिकोणी चिन्ह असते. १५० ग्रॅम प्रोपेन सुमारे चार घनमीटर हवेत मिसळला की स्फोटक मिश्रण तयार होऊ शकते, आणि जिन्याखालची बंद खोली साधारण तेवढीच असते. असा फ्रीझर तिथे ठेवू नये. गॅस असलेल्या नळीवर ब्लोटॉर्च चालवू नये. जुन्या आर-१३४एच्या यंत्रात स्वयंपाकाचा गॅस भरून देणारे कारागीर अजून आहेत. त्या यंत्राचे रिले आणि स्विच ठिणगी उडू नये अशा बेताने बनवलेलेच नसतात, म्हणून हा प्रकार सरळ जीवावर बेतणारा आहे.

यंत्राच्या पाठीमागचा भाग प्लॅस्टिकचा आहे की पत्र्याचा, हेही पाहून घ्यावे. पत्र्याचा बरा, कारण भिंतींत भरलेला पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची २०१७ची आग एका घरगुती फ्रिज-फ्रीझरपाशी सुरू झाली होती. इमारतीच्या बाह्य आवरणामुळे ती पसरली आणि ७२ माणसे गेली.

परवानगी : फ्रीझर वाढवताना मंजूर भार पुरतो का हे आधी पाहावे आणि पुरत नसेल तर वीज कंपनीकडे वाढवून मागावा. घरगुती मीटरवर आइस्क्रीमचा धंदा चालवणे विद्युत अधिनियम २००३च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात मोडते. बसवण्याचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याचे बंधन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांत आहे.

कोकण किनाऱ्यावर खारी हवा कंडेन्सरची पाती आणि वायरींचे लग खाते. तिथे अर्थचा नटबोल्ट दर पावसाळ्याआधी उघडून, घासून पुन्हा आवळावा. हॉटेलांत कंडेन्सरवर तेलकट काजळीचा थर चढतो, तो यंत्र प्लगमधून काढल्यावरच ब्रशने साफ करावा.

कोल्ड रूमला बहुधा त्रिफेजी पुरवठा लागतो. एक फेज गेला तरी मोटर उरलेल्या दोनवर गुरगुरत राहते आणि जळते, म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात. स्क्रोल कॉम्प्रेसर असेल तर फेजांचा क्रम उलटल्यास तो उलटा फिरतो, त्यासाठी क्रम ओळखणारा रिले लागतो. कोल्ड रूमच्या दाराला आतून उघडणारी कडी असावी, बाहेर कुलूप असतानाही ती चालली पाहिजे, आणि दाराशेजारी आतल्या बाजूला घंटेचे बटण असावे. घंटेची वीज कॉम्प्रेसरच्या लाइनवरून घेऊ नये.