ॲस्ट्रोसॅटची नोंदवही: बेंगळुरूत साठलेला प्रकाश आणि तो वाचण्याची रीत

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी३० या प्रक्षेपकाने ‘ॲस्ट्रोसॅट’ ही भारताची अवकाश वेधशाळा सुमारे ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत नेऊन सोडली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, तिच्यावरील ‘यूव्हीआयटी’ या अतिनील दुर्बिणीने आकाशाच्या एका लहानशा भागाचे सुमारे २८ तास निरीक्षण केले. त्या निरीक्षणातून ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेचा तीव्र अतिनील प्रकाश सापडला. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाचा हा शोध ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’मध्ये प्रसिद्ध झाला तो ऑगस्ट २०२० मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे तो प्रकाश केवळ फायलींमध्ये वास करून होता. त्या फायली वाचता येणे ही या शोधाची पहिली अट होती.

ही अट नेहमीच पाळली जाते असे नाही. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या जैविक प्रयोगांची माहिती १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा तपासायची वेळ आली, तेव्हा चुंबकीय फिती हाती होत्या, पण त्यांवरील मजकूर कोणत्या रचनेत लिहिला आहे हे सांगणारे कोणी उरले नव्हते. अखेर जुन्या छापील कागदांचा आधार घ्यावा लागला. अक्षरे शाबूत आणि लिपी विस्मृतीत, अशी ती अवस्था होती.

खगोलशास्त्रज्ञांनी हा धोका लवकर ओळखला होता. १९७० च्या दशकात प्रत्येक वेधशाळेचा संगणक वेगळा आणि नोंदी ठेवण्याची पद्धतही वेगळी होती. १९७९ मध्ये अमेरिकेतील डॉन वेल्स आणि एरिक ग्रायझेन यांनी एक सामायिक रचना आखली. नेदरलँड्समधील रोनाल्ड हार्टेन यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने त्या रचनेला मान्यता दिली. तिचे नाव ‘फिट्स’.

फिट्स फाइल स्वतःची ओळख स्वतःच सांगते. तिच्या आरंभी साध्या अक्षरांत लिहिलेला शीर्षभाग असतो. त्यातील प्रत्येक ओळ नेमकी ८० अक्षरांची असते, कारण त्या काळच्या छिद्रित कार्डावर ८० अक्षरे मावत. ओळीच्या पहिल्या आठ जागा नावासाठी, मग बरोबरीचे चिन्ह, मूल्य आणि हवी तर टीप. चित्राची लांबी-रुंदी किती, प्रत्येक आकडा किती बिटांचा, हे सारे तेथे नोंदलेले असते. त्यानंतर प्रत्यक्ष आकडे येतात. संपूर्ण फाइल २,८८० बाइटांच्या ठोकळ्यांत बसवावी लागते. २,८८० बाइट म्हणजे २३,०४० बिट. या संख्येला ८, १२, १६, १८, २४, ३२, ३६ आणि ६० या सर्वांनी निःशेष भाग जातो. तत्कालीन संगणकांचे शब्द याच निरनिराळ्या लांबींचे असत. कोणालाही अडचण होऊ नये म्हणून हा आकडा निवडला गेला.

नियम सोपे असले तरी ते प्रत्येकाने नव्याने राबवले तर चुका अटळ असतात. शेवटचा ठोकळा पूर्ण भरायचा राहिला, किंवा बाइटांचा क्रम उलटा वाचला गेला, की आकडे निरर्थक होतात. फिट्समध्ये संख्येचा मोठा भाग आधी लिहितात. आजचे बहुतेक संगणक लहान भाग आधी ठेवतात. म्हणून नासाच्या गोडार्ड केंद्रात विल्यम पेन्स यांनी ‘सीफिटसिओ’ ही सॉफ्टवेअर लायब्ररी घडवली. क्रम बदलणे, रिकामी जागा भरणे, शीर्षभाग तपासणे ही कामे ती करते. संशोधकाने केवळ रकान्याचे नाव घ्यावे आणि आकडे मिळवावेत. पुढे पायथन भाषेत ‘पायफिट्स’ आली आणि ती ‘ॲस्ट्रोपाय’ या मुक्त लायब्ररीत विलीन झाली.

ॲस्ट्रोसॅटची माहिती बेंगळुरूजवळच्या ब्यालालू येथील भारतीय अंतराळ विज्ञान माहिती केंद्रात येते. तेथे तिला फिट्सचे रूप देऊन ती उपकरणांची जबाबदारी असलेल्या संस्थांकडे पाठवली जाते. यूव्हीआयटीची माहिती बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे जाते. ही दुर्बीण नेहमीच्या अर्थाने छायाचित्र काढत नाही. तिचे अतिनील शोधक सेकंदाला सुमारे २९ चौकटी टिपतात आणि प्रत्येक प्रकाशकण कोठे व केव्हा पडला याची नोंद करतात. फिट्समध्ये ही नोंद तक्त्याच्या रूपाने राहते: एक ओळ, एक कण. उपग्रह सतत किंचित हलत असल्यामुळे वेळेच्या रकान्यावरून प्रत्येक कण त्याच्या योग्य जागी सरकवावा लागतो. चित्र तयार होते ते त्यानंतर.

येथेच रचना खुली असण्याचे महत्त्व कळते. अधिकृत प्रणालीबरोबरच त्याच संस्थेतील जयंत मूर्ती आणि सहकाऱ्यांनी ‘ज्यूड’ ही स्वतंत्र प्रणाली लिहिली. कॅनडातील कॅलगरी येथे जोसेफ पोस्टमा यांनी ‘सीसीडीलॅब’ घडवली. पुढे बेंगळुरूतील संशोधकांनी ताऱ्यांच्या तेजातील चढउतार काढणारी ‘कर्विट’ ही पायथन प्रणाली सर्वांसाठी खुली केली. एकाच तक्त्यावर निरनिराळ्या हातांनी काम केले की उत्तरे परस्परांशी पडताळता येतात. वाचण्याची किल्ली एकाच कार्यालयात असती, तर ही पडताळणी शक्य झाली नसती. सप्टेंबर २०१८ मध्ये इस्रोने ॲस्ट्रोसॅटचे संग्रहित निरीक्षण सर्वांसाठी खुले केले. तेव्हा ते उघडण्याची साधने जगभरच्या संगणकांवर आधीपासूनच होती.

हीच रचना मागच्या काळालाही कवेत घेते. भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या कोडाईकनाल वेधशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून सूर्याची छायाचित्रे काचेच्या पट्ट्यांवर व फिल्मवर घेतली गेली. त्यांचे अंकीकरण होऊन तीही फिट्समध्ये आली आहेत. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा सूर्यडाग आणि अवकाशातून टिपलेला प्रकाशकण आज एकाच लायब्ररीने वाचता येतात. व्हॅटिकनच्या ग्रंथालयानेही आपली प्राचीन हस्तलिखिते दीर्घकाळ जपण्यासाठी हीच रचना निवडली.

फिट्सचा एक नियम असा आहे की, रचनेत कोणतीही सुधारणा केली तरी आधीची एकही वैध फाइल अवैध ठरता कामा नये. उपग्रहाचे आयुष्य मर्यादित असते. ॲस्ट्रोसॅट मुळात पाच वर्षांसाठी आखलेला होता. त्याने टिपलेल्या प्रकाशाचे आयुष्य मात्र किती असेल, हे या नियमाच्या पालनावर अवलंबून आहे. ९३० कोटी प्रकाशवर्षांवरची ती दीर्घिका उद्या एखाद्या विद्यार्थ्याला पुन्हा तपासावीशी वाटली, तर २०१६ ची ती फाइल त्याच्यासमोर उघडलीच पाहिजे.